‘घरचे’ नावाचा फोल्डर

घणसोली गावात माणसाचा फोटो दोनदा लागतो, असं मी चेष्टेने म्हणायची. एकदा नोकरीला लागताना आणि एकदा गेल्यावर. दोन्ही वेळा तो सयाजीराव वीरकरांकडूनच यायचा, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा फोटोही तोच असायचा.

गावात कुणी गेलं की दहाव्याच्या आधी घरातलं कुणीतरी ‘माणदेश फोटो’च्या पायरीवर येऊन उभं राहायचं. सयाजीराव स्टूल पुढे सरकवायचे, नाव ऐकायचे आणि कॉम्प्युटरमध्ये शोधायला लागायचे. कुठल्याशा कंपनीच्या गेटपाससाठी किंवा बँकेच्या खात्यासाठी काढलेला पासपोर्ट फोटो तिथे असायचाच. मागचा पांढरा पडदा जाऊन आभाळी रंग यायचा, चुरगळलेली कॉलर सरळ व्हायची, घरच्यांची इच्छा असेल तर अंगात कोटही चढायचा. आयुष्यभर कोट न घातलेली कितीतरी माणसं आमच्या गावात भिंतीवर कोट घालून बसली आहेत. मी हसायची, तर सयाजीराव म्हणायचे, राहू द्या हो ताई, कुणाचं काय जातं.

मी वैजयंती. त्यांच्या स्टुडिओला लागून माझं साडीच्या फॉल-बीडिंगचं दुकान. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे त्यांच्याकडचं खोकलणंसुद्धा मला ऐकू येतं. माझा स्वभाव तापट, तोंड फाटकं. गप्प माणसं मला सहन होत नाहीत, आणि नशिबाने शेजार मिळाला तो गावातल्या सगळ्यात गप्प माणसाचा.

ते माण तालुक्यातले. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर पोती वाहायचे. मुलानेही तेच करावं, एवढीच त्यांची अपेक्षा. पण सयाजीरावांची पाठ पोत्याची नव्हती. दिघ्याच्या एका स्टुडिओत ते कामाला लागले, रोल धुवायला शिकले, आणि लग्नानंतर घणसोलीत हा गाळा भाड्याने घेतला. पुढे कॉम्प्युटर आला, तोही ते शिकले. म्हणजे कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते शिकले. ते का होतं हे त्यांनी विचारलं नाही. आमच्या गल्लीत ते कुणीच विचारत नाही.

त्यांची बायको राजेश्वरी माझी मैत्रीण. नवरा जितका मुका, तितकी ही बोलकी. स्टुडिओत थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उजेड वळवायचं काम तिचं, रडक्या पोरांना हसवायचं काम तिचं. आणि आणखी एक काम होतं. गिऱ्हाईक केस विंचरत असेल तोवर सयाजीराव म्हणायचे, “उभी राहा जरा.” मग ती पडद्यासमोर उभी राहायची आणि ते उजेड बघायला एक फोटो काढायचे. हात पिठाचे असोत, केस धुतलेले असोत, आमचं बोलणं अर्ध्यात असो. कधी ती वैतागलेली, कधी माझ्याकडे बघून हसतेय. तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. त्याची तिला लाज, म्हणून हसताना ती ओठ मिटून घ्यायची आणि ते मिटलेलं हसू डोळ्यांतून सांडायचं.

दुसरा कुणी असता तर असले फोटो काम झालं की पुसून टाकले असते. सयाजीरावांनी एकही पुसला नाही. सगळे एका फोल्डरमध्ये ठेवत गेले. फोल्डरचं नाव ‘घरचे’. बायकोचं नाव घ्यायची त्यांच्याकडे रीत नव्हती. बोलताना ते ‘ज्ञानूची आई’ म्हणायचे आणि कॉम्प्युटरमध्ये ‘घरचे’.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत राजेश्वरी गेली. घरातून चालत गाडीत बसली, मला हात केला, आणि परत आलीच नाही. शेवटचं तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही. सगळं गुंडाळलेलं होतं, लांबून दाखवलं. त्याविषयी मला अजूनही धड बोलता येत नाही.

दहाव्याला फोटो नव्हता. आल्यागेल्यांनी कुजबुज केली. अख्ख्या गावाचे फोटो करणाऱ्याच्या घरात स्वतःच्या बायकोचा फोटो नाही म्हणजे काय. सयाजीराव ‘करतो’ म्हणाले. वर्षश्राद्धालाही ‘करतो’ म्हणाले. शेवटी मी त्यांना धरलंच. म्हटलं, दुनियेला आभाळी रंग देता आणि तिच्यासाठी तुमचा हात उचलत नाही? ते बराच वेळ पडद्याची दोरी गुंडाळत राहिले.

“ताई, भिंतीवर लावला की हार घालावा लागतो,” ते म्हणाले. “मग ती गेलीच की.”

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. रोज सकाळी दुकान उघडल्यावर ते देवाला उदबत्ती लावायचे आणि ‘घरचे’ उघडून बसायचे. प्लायवूडमधून मला माउसचं टिकटिक ऐकू यायचं. एक टिक म्हणजे एक फोटो. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत तो नवराबायकोचा वेळ असायचा, आणि मीही त्या वेळात मशीन चालवत नसे.

मुलगी ज्ञानेश्वरी, त्यांची ज्ञानू, कऱ्हाडला दिलेली. तिच्या मोबाइलमध्ये आईचे फोटो होते. एकदा ती आली तेव्हा सयाजीरावांनी ते सगळे उतरवून घेतले. मोबाइल काय, आज आहे उद्या नाही, इथे सुरक्षित राहतील, असं त्यांचं म्हणणं. तिनेही जुना मोबाइल दुकानात देऊन नवा घेतला. घरात राजेश्वरीचा कागदावरचा म्हणावा असा एकच फोटो उरला होता, लग्नातला. त्यात मान खाली, मुंडावळ्या तोंडावर आणि वर उन्हाचा पट्टा. ती कोण आहे हे सांगावं लागतं.

मागच्या वर्षी ज्ञानेश्वरीने कऱ्हाडला घर बांधलं. वास्तुशांतीच्या आधी तिचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकला. दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीला आईचा फोटो पाहिजे, नसेल तर मी पूजेला बसणार नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. सयाजीराव नेहमीसारखं ‘करतो’ म्हणाले. पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून ते पुन्हा म्हणाले, “करायलाच पाहिजे आता.” मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना चहा पाजला.

मग त्यांनी काम मनावर घेतलं. ‘घरचे’मधले फोटो चाळून चाळून एक निवडला. दंडाला थर्माकोल टेकवलेला, मिटलेल्या ओठांचं ते हसू. भिंत मोठी होती, फोटो माणसाच्या उंचीचा करायचा होता. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर एवढ्या मोठ्या मापाला चेहरा भरड करायचं. स्टुडिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नवीन सॉफ्टवेअर फिरत होतं, चेहऱ्याची लवसुद्धा स्पष्ट काढतं म्हणे. विकत कोण घेतं? आमच्याकडे सगळ्या स्टुडिओवाल्यांची रीत एकच, ग्रुपवर आलेली फुकटची, कुलूप तोडलेली कॉपी घ्यायची. तिच्यासोबत सूचनाही येतात, आणि पहिली सूचना नेहमीची असते, आधी अँटिव्हायरस बंद करा. सयाजीरावांनी असं पूर्वी कितीदा तरी केलं होतं. याही वेळी बंद केला, सॉफ्टवेअर टाकलं, ते चालू होईना म्हणून पुन्हा टाकलं, आणि सकाळी बघू म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवूनच घरी गेले. सगळ्या फोटोंची दुसरी प्रत ज्या काळ्या डबीत असायची, तीही कॉम्प्युटरला जोडलेलीच होती. तिची वायर सैल, काढली की पुन्हा लागायला त्रास द्यायची, म्हणून ते ती कधी काढतच नसत.

सकाळी उदबत्तीचा वास आला आणि मग टिकटिक ऐकूच आली नाही. थोड्या वेळाने प्लायवूडवर हात आपटल्याचा आवाज आला.

“ताई, जरा या.”

मी गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘घरचे’ उघडा होता आणि आत एकही चेहरा नव्हता. जिथे राजेश्वरीच्या टिकलीएवढ्या तसबिरी रांगेने दिसायच्या, तिथे नुसते कोरे पांढरे कागद. दुसरे फोल्डर उघडले, काळी डबी उघडली, तिथेही तेच. गावाचे सगळे पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, सगळ्यांचे कोरे कागद झाले होते. पैसे मागणारी एक इंग्रजी चिठ्ठी मात्र जागोजागी ठेवलेली.

समोरच्या टॉवरमधला तेजस ऐरोलीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याच्या बाळाचे फोटो सयाजीरावांनीच काढलेले. सुट्टीचा दिवस बघून त्याला बोलावलं. त्याने येताच वरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेंशन’समोर टिक केली, आणि प्रत्येक नावाला मागे शेपटी फुटली. तेव्हा मला कळलं की फाइलच्या नावाला अशी शेपटी नेहमीच असते, कॉम्प्युटर फक्त ती आपल्याला दाखवत नाही. फोटोची असेल तर जेपीजी, कागदाची असेल तर पीडीएफ. ही फाइल कशाने उघडायची ते कॉम्प्युटर त्या शेपटीवरून ओळखतो. राजेश्वरीच्या प्रत्येक फोटोच्या जेपीजीपुढे आता आणखी एक शेपटी चिकटली होती, चार अक्षरांची, कुठल्याच भाषेत अर्थ नसलेली.

सयाजीरावांच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला. “म्हंजे नावच बदललंय व्हय,” ते म्हणाले. “मंग आपुन पुसू की ती शेपटी.”

तेजस काही बोलायच्या आत त्यांनी एका फाइलवर जाऊन ती चार अक्षरं खोडली. कॉम्प्युटरने विचारलं, शेपटी बदलली तर फाइल निकामी होऊ शकते, नक्की बदलायची? त्यांनी हो म्हटलं. आणि खरंच, कोरा कागद जाऊन तिथे फोटोचं चिन्ह आलं. माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी दोनदा टिक केलं. काळी चौकट उघडली आणि मधोमध एक ओळ आली, ही फाइल उघडता येत नाही.

तेजस त्यांच्या शेजारी स्टुलावर बसला. “काका, प्रॉब्लेम नावाचा नाहीये,” तो म्हणाला. “हे डब्यावरचं लेबल आहे. लेबल तुमी कितीपण बदला. आतलं सगळं त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या चोरांनी लॉक केलंय, आणि चावी त्यांच्याकडेच आहे.”

सयाजीरावांनी विचारलं, चावी मिळते का. तेजसने खरं ते सांगितलं. पैसे देऊनही मिळेल याची खात्री नाही, देऊ नका. कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी अशी चावी बाहेर येते, कधीच येतही नाही. तोवर डबी तशीच कपाटात ठेवा, कशाला हात लावू नका. सयाजीराव मान हलवत होते. मला तेव्हाच दिसलं की यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यांना कोरा कागद गेलेला दिसला होता. फोटोचं चिन्ह आलेलं दिसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून प्लायवूडमागून पुन्हा टिकटिक सुरू झाली. पण ती निराळी. टिक, मग बोटाने चार अक्षरं खोडल्याचे चार ठोके, मग एंटर, मग हो म्हणायची टिक, मग उघडून बघायच्या दोन टिका. मग शांत. मग पुढचा फोटो. गिऱ्हाईक आलं तर ते बाहेर येऊन फोटो काढून द्यायचे आणि परत आत. हळूहळू गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीत जायला लागली. तेजसने सांगितलं की सगळ्या शेपट्या एकदम काढायची सोय आहे, एका ओळीत होतं ते. सयाजीराव नको म्हणाले. एकदम काढल्या आणि त्यातला एखादा उघडणारा असला तर तो आपल्याला कळायचा कसा, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकीला हाताने हाक मारायची होती त्यांना.

मला राग यायचा. मी सरळ जाऊन भांडायची. म्हटलं, एवढं शिकलेलं पोरगं सांगतंय आत काही उरलेलं नाही, तर तुम्ही काय दगडाला पाझर फोडायला बसलात का? जेवण नाही, दाढी नाही, आरशात बघा जरा. ते म्हणाले, एवढे राहिलेत, एवढे बघतो. रागावून मी परत आले आणि मशीनवर बसून रडले. कारण टिक झाली की मीही हात थांबवून वाट बघत होते.

त्यातच आमच्या गल्लीच्या टोकाला भाजी विकणाऱ्या बाळाबाईंचा नवरा वारला. बाळाबाई साताऱ्याकडच्याच. त्या येऊन पायरीवर उभ्या राहिल्या. सयाजीरावांनी सवयीने स्टूल सरकवलं, नाव ऐकलं, कॉम्प्युटरकडे वळले, आणि त्यांचे हात तिथेच राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला नाही म्हटलं. बाळाबाईंना काही समजेना. त्यांना वाटलं, मागचं काहीतरी देणंघेणं मनात धरून हा नाही म्हणतोय.

“माझ्या दादल्याचं त्वांड तुमच्यापाशी ठेवल्यालं हुतं की,” त्या म्हणाल्या. “कुटं गेलं?”

सयाजीरावांनी हात जोडले. बाळाबाई गेल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. पुढे त्यांनी ते पूर्ण वर केलेलं मी पाहिलं नाही.

‘घरचे’ संपला. शेवटच्या फोटोची शेपटी खोडून झाली आणि तोही उघडला नाही. मी आत गेले तर ते हात मांडीवर ठेवून बसले होते. पडद्यावर सगळी नावं आता जशी होती तशी, स्वच्छ, सरळ. बघणाऱ्याला वाटावं काही झालेलंच नाही. ते म्हणाले, “सगळ्यांची नावं नीट केली ताई,” आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. राजेश्वरी गेली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. ती खरी गेली ती त्या दिवशी, असं मला वाटतं.

तेजसला मीच पुन्हा गाठलं. पोरगा जिवाला लावून घेणारा. त्याने खूप डोकं खाजवलं आणि एक गोष्ट शोधून काढली. आपण फोल्डर उघडतो तेव्हा त्या टिकलीएवढ्या तसबिरी दिसाव्यात म्हणून कॉम्प्युटर त्यांची एक बारीक नक्कल स्वतःच्या कोपऱ्यात साठवून ठेवतो. तिची शेपटी वेगळी असते, म्हणून त्या चोरांच्या नजरेतून ती सुटली होती. तेजसने ती फाइल एका छोट्या प्रोग्रॅममधून उघडली आणि पडद्यावर राजेश्वरी आली. नखाएवढी. पिठाचे हात, धुतलेले केस, थर्माकोलचा पत्रा. किती तरी राजेश्वऱ्या, सगळ्या नखाएवढ्या.

सयाजीराव पुढे झुकले. नाक पडद्याला लागायचं बाकी राहिलं. मग त्यांनी निवडलेला तो फोटो शोधला आणि मोठा केला. थोडा केला तेव्हा ती होती. आणखी केला तेव्हा तिच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. गव्हाळी, तपकिरी, काळे चौकोन. पुन्हा लहान केला, ती आली. पुन्हा मोठा, चौकोन. आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलेला माणूस होता तो, की एवढ्याशा फोटोचा मोठा फोटो होत नाही. त्यांनी तेजसला काही विचारलंच नाही.

पण वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती. ज्ञानेश्वरीने तो नखाएवढा फोटो मागवून घेतला. तिचा नवरा म्हणाला, आता एआय आहे, काय पाहिजे ते होतं. मोबाइलमध्येच त्याने तो टाकला, मिनिटभर थांबला, आणि माणसाच्या उंचीचा स्वच्छ फोटो तयार. पापणीचा केस न् केस दिसतोय. साडीच्या काठाची वेलबुट्टीसुद्धा त्या यंत्राने विणून दिली. ज्ञानेश्वरीने तो मला पाठवला. मी पाहिला. फार सुंदर बाई होती. चौकोनांत ओठ मिटलेत की उघडलेत ते यंत्राला कळलं नसावं. त्याने ते उघडले, आणि आत एका रांगेत सरळ पांढरे दात बसवले. मी ज्ञानेश्वरीला काय कळवणार? छान आलाय, म्हटलं. पोरीलाही ते दिसलं असेल. पण तिला भिंतीवर आई हवी होती, आणि दुसरी मिळणार नव्हती.

सयाजीराव कऱ्हाडला गेले. तिथलं मला नंतर ज्ञानेश्वरीनेच सांगितलं. ती घाबरून होती, पप्पा काय म्हणतात म्हणून. पप्पा सरळ भिंतीपाशी गेले. फोटो बघितला, हार घ्या म्हटल्यावर घेतला आणि घातला. पाहुणे म्हणाले, अगदी बोलेल आता असा फोटो आहे. सयाजीराव त्यावर हो म्हणाले आणि पंगतीला बसले. बघा मावशी, पप्पा सावरले, असं ती मला फोनवर म्हणाली. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

परत आल्यावर त्यांनी गाळा सोडायचं ठरवलं. मालकाला सांगून झालं होतं. सामान बांधायला मीही गेले. पडदा गुंडाळला, थर्माकोलचा पत्रा मीच फोडून कचऱ्यात टाकला, त्यांना टाकवेना. काळी डबी मी पिशवीत वेगळी ठेवली. म्हटलं, तेजस म्हणाला होता, कधीतरी चावी येईल. त्यांनी डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग स्टुलावर बसले आणि न विचारता बोलायला लागले. हा माणूस आपणहून एवढं बोललेला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“ताई, आदी फोटो न्हवतं तरी डोळं मिटलं की ती दिसायची. कॉम्प्युटर बंद असला तरी दिसायची,” ते म्हणाले. “तिथनं आलो तवापासनं डोळं मिटलं की ती दुसरीच बाई येती. दात दाखवून हसती. म्या म्हन्तो, बाई, तू जा, जरा बाजूला हो. ती न्हाई जात.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, होतं असं, जाईल ते हळूहळू, थकलात तुम्ही. ते माझ्याकडे वळले.

“तुम्ही तर रोज बघितलीय तिला,” ते म्हणाले. “तुम्हाला दिसती न्हवं? कशी हसायची, जरा सांगा.”

सांगते ना, म्हणून मी डोळे मिटले. तिचा आवाज ऐकू आला, बांगड्या ऐकू आल्या, चहाचा कप माझ्यापुढे सरकवणारा पिठाचा हात दिसला. मी वर चेहऱ्याकडे बघितलं, आणि ती बाई सरळ पांढऱ्या दातांनी माझ्याकडे बघून हसली.